फॉरमॅट मारण्याआधी: कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये खरंच काय बदलतं

“भो, हाऊ कॉम्प्युटर गैरा हळू चाली ऱ्हायना” असं म्हणत माणूस सीपीयू काखेत मारून दुकानात येतो आणि काउंटरच्या पलीकडून ठरलेलं उत्तर मिळतं: फॉरमॅट मारावा लागेल, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकावं लागेल. अमळनेर असो, शिरपूर असो की शहादा, औषध एकच. फॉरमॅट मारला की काही दिवस मशीन पळतं, मग हळूहळू पुन्हा तिथंच येतं. कारण ज्या गोष्टींमुळे ते अडत होतं, त्या सगळ्या आपणच एकेक करून परत टाकलेल्या असतात. दुसरा मार्ग व्हिडिओवाल्यांचा: अमुक दहा ‘सिक्रेट’ सेटिंग बदला, स्पीड दुप्पट. त्यातल्या निम्म्या सेटिंगने काहीच होत नाही आणि एखाद-दुसरीने नुकसान होतं.

ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे विंडोजसारख्या मशीन चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, काम मुळात वाटपाचं आहे. प्रोसेसरचा वेळ कुणाला द्यायचा, मेमरीत जागा कुणाला, डिस्कवर आधी नंबर कुणाचा, हे ती दर क्षणाला ठरवत असते. सेटिंग बदलून तुम्ही या वाटपातला एखादा वाटेकरी कमी करू शकता, मुद्दाम ठेवलेला एखादा थांबा काढू शकता, किंवा रोजच्या कामातला त्रास वाचवू शकता. मशीनमध्ये नसलेली ताकद मात्र कुठलंही सेटिंग आणत नाही. म्हणून कुणी काही बदलायला सांगितलं तर एकच विचारायचं: यानं कॉम्प्युटरचं किंवा माझं कुठलं काम कमी होतं? उत्तर सांगता येत असेल तर करून बघा. ‘स्पीड वाढतो’ एवढंच उत्तर मिळालं तर सोडून द्या.

तारीख, लाख-कोटी आणि कागद

सगळ्यात जास्त उपयोगाचा बदल स्पीडचा नाहीच. तो आहे देशाचा. विंडोज टाकताना घाईघाईत ‘नेक्स्ट’ दाबत गेलं की बहुतेक वेळा ‘इंग्लिश, युनायटेड स्टेट्स’ निवडलं जातं आणि कॉम्प्युटर स्वतःला अमेरिकेत समजतो. तिथं महिना आधी लिहितात, तारीख नंतर.

रावेरच्या केळीच्या आडतदाराची एक्सेलमधली वही घ्या. त्याने ५ एप्रिल म्हणून ५/४ टाकलं, तर एक्सेल ते ४ मे म्हणून साठवतं. १५/४ टाकलं तर पंधरावा महिना नसल्यामुळे त्याला ती तारीखच वाटत नाही, साधा मजकूर वाटतो. म्हणजे महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी बहुतेक चुकीच्या महिन्यात जातात आणि पुढच्या नोंदी तारीख म्हणून मोजल्याच जात नाहीत. मार्चअखेरीला महिनावार बेरीज लागत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. एकाच रकान्यातल्या काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, की डावीकडच्या तारखा नव्हेत.

उपाय सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’ आणि त्याखाली रीजन. तिथं रीजनल फॉरमॅट ‘इंग्लिश, इंडिया’ किंवा ‘मराठी’ करायचा. पण हे पहिल्या दिवशी करायचं काम आहे. एक्सेल तारीख आतमध्ये एका आकड्याच्या रूपात साठवतं, त्यामुळे आधी चुकीची घेतलेली तारीख नंतर सेटिंग बदलून सुधारत नाही. फक्त दिसते वेगळी.

याच बदलात आणखी दोन गोष्टी पदरात पडतात. रक्कम 1,250,000 अशा तुकड्यांत न दिसता १२,५०,००० अशी लाखाच्या हिशोबात दिसते. एक्सेलचा स्वल्पविराम विंडोजच्या सेटिंगवरूनच चालतो. दुसरी गोष्ट कागदाची. अमेरिकी सेटिंगमध्ये कागद ‘लेटर’ धरला जातो आणि तो आपल्या ए-४ पेक्षा उंचीला सुमारे १८ मिलिमीटर आखूड, रुंदीला थोडा जास्त असतो. सेवा केंद्रावर प्रिंटच्या कडा कापल्या जातात किंवा प्रिंटर लाल दिवा लावून ‘कागद घाला’ म्हणत बसतो, तेव्हा प्रिंटरला शिव्या देण्याआधी हे बघावं. जुन्या प्रिंटरसाठी प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये जाऊन ए-४ एकदा हाताने निवडून ठेवावा लागतो.

दिसण्यातले बाकीचे बदल, म्हणजे वॉलपेपर, थीम, रंग, हौसेचे आहेत. हौस करावी, त्याने काही बिघडत नाही. त्यातला एक मात्र हौसेचा नाही: अक्षरांचा आकार. दुकानातले मोठे लोक चष्मा कपाळावर चढवून, मान पुढे काढून स्क्रीन वाचताना दिसतात आणि कुणी त्यांना सांगतच नाही की अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘टेक्स्ट साइझ’ची एक पट्टी आहे, ती सरकवली की झालं. माउसचा बाणही तिथंच मोठा आणि पिवळा करता येतो.

मराठी, आणि अहिराणीसुद्धा

विंडोजमध्ये मराठी टाइप करायला वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. भाषांच्या यादीत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. यात स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आणि मांडणी सगळ्या भारतीय लिप्यांसाठी एकसारखी. ज्यांना ‘केएचएएन’ असं इंग्रजी उच्चारानं टाइप करायची सवय आहे, त्यांच्यासाठी २०१९च्या मे महिन्यातल्या विंडोज १०च्या अपडेटपासून ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्डही आत आहे. विंडोजची कळ दाबून स्पेस दाबलं की भाषा बदलते. बस.

तरीही लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि प्रेसच्या धंद्यात जुने फॉन्ट टिकून आहेत. या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठतात, फक्त त्यांचा चेहरा देवनागरीचा असतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, तो यामुळे. शिवाय अशा फाइलमध्ये ‘पाटील’ शोधला तर सापडत नाही. युनिकोड या जगभर चालणाऱ्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असल्यामुळे शोधणं, क्रम लावणं, मोबाइलवर पाठवणं सगळं सरळ होतं. जुना छपाईचा साठा ठेवावा लागेल, पण नवी यादी, नवं पत्र युनिकोडमध्येच सुरू करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

अहिराणीत लिहिणाऱ्यांसाठी एक छोटी सोय. विंडोजच्या भाषांच्या यादीत अहिराणी नाही, पण लिपी देवनागरी असल्यामुळे मराठीचाच कीबोर्ड चालतो. अडचण येते ती लाल रेघांची. मराठीची शुद्धलेखन तपासणी चालू असलेल्या वर्डमध्ये ‘ऱ्हायना’, ‘गैरा’, ‘आथं-तथं’ लिहिलं की पानभर लाल नागमोडी रेघा उमटतात. त्या शब्दावर उजवी क्लिक करून ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ केलं की तो शब्द तुमच्या खासगी कोशाच्या फाइलमध्ये जातो. ही फाइल साधी मजकुराची यादी असते. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ‘प्रूफिंग’खाली ‘कस्टम डिक्शनरीज’मध्ये अहिराणीसाठी वेगळा कोशच करता येतो आणि तो दुसऱ्या लिहिणाऱ्याला पेनड्राइव्हवर देताही येतो. चार-पाच जणांनी आपापले कोश एकत्र केले तर हळूहळू कामाचं काहीतरी उभं राहील.

हळू का चालतंय, हे आधी बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू (इथं अर्थ डबा नव्हे, प्रोसेसर), मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. मशीन अडकलेलं असतानाच बघायचं की यातला कुठला शंभर टक्क्यांना टेकलाय. कुठलंही सेटिंग बदलण्याआधी हे कळलं पाहिजे, कारण तिन्हींचे उपाय वेगळे.

जुन्या मशीनवर बहुतेक वेळा डिस्क टेकलेली असते. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा, वर सुई सरकायचा वेळ. या हिशोबाने इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे वाचायचे तर सेकंदाला शंभराच्या आसपासच वाचून होतात. आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे मागते. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, हिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे ती हेच काम सेकंदाला हजारोंच्या संख्येने करते. इथं सगळ्या ‘सिक्रेट’ सेटिंगचा विषय संपतो, कारण तबकडीचा फेरा कुठल्याही सेटिंगने लवकर पूर्ण होत नाही. एसएसडी टाका. नवा कॉम्प्युटर घ्यायच्या गोष्टी त्यानंतर.

मेमरी टेकली असेल तर बघा की न वापरता कोण बसलंय. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ची यादी आहे: मशीन चालू होताच आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम. गाणी-व्हिडिओचे प्रोग्रॅम, मीटिंगचे प्रोग्रॅम, तीन-तीन कंपन्यांचे अपडेट तपासणारे. यांना ‘डिसेबल’ केलं म्हणजे ते पुसले जात नाहीत. हाक मारल्याशिवाय येत नाहीत एवढंच. चार जीबी रॅमच्या (म्हणजे मेमरीच्या) मशीनवर याचा फरक लगेच जाणवतो.

पण सेवा केंद्र चालवणाऱ्यांनी इथं जपून. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस, डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा प्रोग्रॅम यांची नावं अनोळखी आणि संशयास्पद वाटतात. ती बंद केली की आधार पडताळणी अडते आणि रांगेतली म्हातारी मंडळी दिवसभर तिष्ठत बसतात. ज्याचं नाव कळत नाही त्यावर उजवी क्लिक करून फाइलचं ठिकाण बघा. कुठल्या कंपनीच्या फोल्डरमध्ये आहे त्यावरून बहुतेक वेळा उलगडा होतो.

रजिस्ट्री नावाचं दप्तर

विंडोजचे बहुतेक सगळे निर्णय रजिस्ट्रीत लिहिलेले असतात. ही कल्पना १९९२च्या विंडोज ३.१ पासूनची आहे आणि विंडोज ९५ पासून तिचा कारभार वाढला. हिची तुलना तलाठ्याच्या दप्तराशी चांगली जमते. उतारा हवा असला की तलाठी गट नंबर बघून नेमकं पान काढतो, पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. त्यामुळे दप्तरात कुठल्या जमान्यातले निरुपयोगी फेरफार पडून असले तरी तुमचा उतारा त्यामुळे उशिरा निघत नाही. रजिस्ट्रीतही प्रोग्रॅम आपल्या पत्त्यावर थेट जातो. शे-पाचशे जुन्या नोंदी काढून मिळणारा वेळ जाणवण्याइतका नसतो. चुकून चालू गटाचं पान फाटलं तर मात्र घोळ होतो. ‘रजिस्ट्री क्लीनर’ विकणारे नेमकं हेच करतात. अशा क्लीनरच्या वापराला पाठिंबा देत नाही, हे मायक्रोसॉफ्टचं अधिकृत धोरण आहे.

मग रजिस्ट्रीत हात घालूच नये का? घालावा, बेतानं. तिच्यात एक शाखा चालू वापरकर्त्याची आणि एक पूर्ण मशीनची असते. वापरकर्त्याच्या शाखेत चूक झाली तर बहुतेक वेळा त्या एका खात्यापुरती राहते. उदाहरणार्थ, तिथं ‘कंट्रोल पॅनेल’खाली ‘डेस्कटॉप’मध्ये ‘मेन्यू शो डिले’ नावाची नोंद आहे. उपमेन्यू उघडण्याआधी विंडोज मुद्दाम किती थांबणार, हे ती सांगते. मूळ आकडा ४००, म्हणजे सेकंदाच्या निम्म्याला थोडा कमी. १०० करा, साइन आउट होऊन परत या, जुन्या धाटणीचे मेन्यू चटकन उघडतील. मशीनचा वेग तेवढाच राहिला. एक ठरवून ठेवलेला थांबा गेला. आपल्या कसोटीला उतरणारं ट्वीक, म्हणजे छोटा बदल, असं असतं.

काहीही बदलण्याआधी ती शाखा ‘एक्स्पोर्ट’ करून वेगळ्या फाइलीत ठेवा आणि सिस्टिम रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघडलं तर मागे जायची जागा, बनवा. रिस्टोअरची सोय बऱ्याच मशीनवर मुळात बंदच असते, ती गरज पडायच्या आधी चालू केलेली बरी.

आता काही खोटी नाणी. ‘एमएसकॉन्फिग’मध्ये जाऊन प्रोसेसरची संख्या निवडा म्हणजे सगळे कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) चालू होतात, हे साफ चूक. विंडोज सगळे कोर मुळातच वापरते. ती खूण कोर कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे, आणि चारच्या जागी दोन निवडलं तर मशीन खरोखरच निम्म्या ताकदीवर येतं. ‘विंडोज तुमचं २० टक्के इंटरनेट राखून ठेवते’ हेही तसंच: ती राखीव जागा फक्त त्या सोयीची मागणी करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी असते, आणि तोही वापरत नसेल तेव्हा इतरांना पूर्ण मोकळी असते. ‘रॅम बूस्टर’ मेमरीतला मजकूर जबरदस्तीनं डिस्कवर ढकलतो, आकडा रिकामा दिसतो, आणि तुम्ही पुढचं क्लिक केलं की तोच मजकूर डिस्कवरून परत आणावा लागतो. आणि कुणीतरी ‘हलकं’ करून दिलेलं विंडोज, ज्यातून अपडेट आणि अँटिव्हायरस छाटलेले असतात, ते घरी गेमसाठी वापरायचं तर तुमची मर्जी. ज्या मशीनवर गावाचे आधार आणि बँकेची कामं होतात, तिथं ते टाकणं मी गुन्ह्याच्या जवळचं समजतो.

लाइट आणि ऊन

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. प्रोसेसरवरचा पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त फरक आटोक्यात ठेवतो. पंचवीस अंशांच्या खोलीत जी चिप ७० अंशांवर चालते, तीच ४५च्या खोलीत त्याच कामाला ९०च्या घरात जाते. अनेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग आपोआप उतरवतात. म्हणून दुपारी दोनला मशीन रडतं आणि रात्री नऊला तेच पळतं. अशा वेळी पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडणं उलटं पडतं. तिथल्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल पातळी १०० टक्क्यांऐवजी ९९ केली की बऱ्याच प्रोसेसरचा ‘टर्बो’, म्हणजे गरजेला घेतलेला जादा वेग, बंद होतो, उष्णता बरीच उतरते आणि टायपिंग, प्रिंटिंगच्या कामात फरक कळतही नाही. त्याआधी पंख्यातला धुरळा काढा. जिनिंगजवळच्या दुकानात सरकीचा आणि कापसाचा भुसका पंख्याच्या पात्यांमागे नमद्यासारखा बसलेला असतो. त्याला सेटिंग नाही, ब्रश आहे.

लाइट जाण्याचा संबंध दोन सेटिंगशी. पहिली ‘फास्ट स्टार्टअप’. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर साठवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. त्यामुळे रोज रात्री नेमानं बंद होणारं मशीनसुद्धा महिनोन्‌महिने नव्यानं सुरू झालेलं नसतं, आणि अडकलेला ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) अडकलेलाच राहतो. ‘रीस्टार्ट’ मात्र खरंखुरं सुरू करतं. एसएसडी असेल तर फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका, वाचणारे सेकंद फारसे नाहीत.

दुसरी सेटिंग डिस्कच्या ‘पॉलिसीज’मध्ये आहे. लिहायचा मजकूर आधी तात्पुरत्या मेमरीत घेऊन मग डिस्कवर उतरवणं मुळात चालूच असतं, ते ठीक. त्याच्याखाली एक दुसरी खूण आहे, जी हा मजकूर वेळोवेळी सक्तीनं उतरवून घेण्याचं कामही बंद करते. व्हिडिओवाले ती हमखास लावायला सांगतात. हे ट्वीक काम कमी करतं हे खरं, पण लाइट गेली की मधल्यामध्ये असलेला मजकूर जातो, कधी अकाउंटची अख्खी फाइल बिघडते. डिस्कला स्वतंत्र वीजपुरवठा नसेल तर ही खूण लावू नका, असं विंडोज स्वतः तिथंच लिहून ठेवतं. आपल्याकडे फीडर कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा तिला हात लावू नये. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, तेवढं बघा. दुसऱ्या मोडवर बदल होताना लागणाऱ्या वेळात कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊ शकतो.

ज्याला मुळापासून बदलायचंय त्याला

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिली आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, म्हणून चांगली चालणारी बरीच मशीन तिथं बसत नाहीत. त्यांच्यासाठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, आहे. तिच्यातली लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बघण्यासारखी आहे. लिनक्समध्ये खिडक्या, पट्टी, मेन्यू हा सगळा चेहरा वेगळा काढून दुसरा लावता येतो: एक्सएफसीई हलका, केडीई प्लाझ्मा हौशी माणसाला आठवडाभर गुंतवून ठेवेल इतका बदलता येणारा. आणि तुमच्या बहुतेक सेटिंग तुमच्याच फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींमध्ये असतात. बऱ्याचशा वाचता येतील अशा मजकुरात. त्या नव्या मशीनवर नेल्या की तुमची मांडणीही बरोबर जाते.

अडतं ते कामाच्या सॉफ्टवेअरवर. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे, आणि अंगठ्याच्या व सिग्नेचरच्या उपकरणांचे ड्रायव्हर लिनक्ससाठी मिळतीलच असं नाही. म्हणून आधी पेनड्राइव्हवरून ‘लाइव्ह’ चालवून बघा. त्यात डिस्कवर काहीच टाकलं जात नाही. त्या अर्ध्या तासात प्रिंटर, स्कॅनर, वाय-फाय आणि अंगठ्याचं मशीन जोडून एकेक काम खरंच करून बघा. विंडोजच्या बाजूची फाइल उघडतेय पण सेव्ह होत नाहीये असं दिसलं, तर वर सांगितलेलं फास्ट स्टार्टअप चालूच राहिलेलं असतं. विंडोजमध्ये परत जाऊन ते बंद करा, पूर्ण शट डाउन करा आणि मग पुन्हा पेनड्राइव्ह लावा.